मोतीबिंदूची लेन्स निवडायची तर आधी टेप घ्या

परभणीत मी 31 वर्षं ब्लाउज शिवतेय. काळ्या कापडावर काळा धागा दिसेना झाला, तेव्हा डोळे दाखवले. मोतीबिंदू निघाला. तपासणी पुरती व्हायच्या आधीच काउंटरवरच्या मुलीनं छापील तक्ता पुढं केला. तीन रकाने, तीन किमती. "मावशी, कुठली टाकायची?" मी म्हटलं, घरी विचारून सांगते. तुम्हीही एवढंच म्हणा. त्या तक्त्यावर किंमत असते, तुमचं काम नसतं, आणि लेन्स कामावरून ठरते.

घरी येऊन मी गळ्यातली टेप काढली. मशीनवर बसले की सुई डोळ्यापासून 16 इंचांवर येते, म्हणजे 40 सेंटीमीटर. हुक-काज करताना कापड आणखी जवळ घेते. गिऱ्हाईक दारात उभं असतं ते सहा-सात फुटांवर. गाडी मी चालवत नाही. हे सगळं वहीत लिहून नेलं. तुम्हीही दोन दिवस असं मोजा: पोथी, मोबाईल, तवा, टीव्ही, रस्ता. रात्री गाडी चालवता का, तेही लिहा.

आता त्या रकान्यांचा अर्थ. मोनोफोकल लेन्स एकाच अंतरावर स्वच्छ दाखवते, बाकीच्याला चष्मा लागतो. बहुतेक ठिकाणी न विचारता ती लांबचं दिसेल अशी बसवतात. ज्याला शेतावर जायचंय, गाडी हाकायचीय, त्याला हेच बरं. वाचायला चष्मा घ्यायचा. माझं उलटं होतं. मला लहानपणापासून मायनस नंबर, त्यामुळं सुई ओवताना मी चष्मा काढूनच ठेवायची. लांबचं दिसायची लेन्स बसली असती तर जन्मभराची ती सवय एका दिवसात गेली असती. मी वही दाखवली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "मग तुमचा डोळा मायनस अडीचच्या आसपास ठेवू, 40 सेंटीमीटरवर उघड्या डोळ्यांनी दिसेल." लांबच्यासाठी चष्मा लावते. लेन्स साधी मोनोफोकलच आहे, फक्त तिचा नंबर माझ्या मशीनवर बेतलेला आहे. हे लांबच्या नंबराइतक्याच पैशात होतं, पण मागितल्याशिवाय कुणी देत नाही.

मल्टिफोकल आणि ट्रायफोकल लेन्स प्रकाश वाटून देतात, थोडा लांबला, थोडा जवळला. चष्मा बराचसा सुटतो, पण मंद उजेडात बारकावे कमी दिसतात आणि रात्री दिव्यांभोवती कडी दिसतात. माझा भाऊ गंगाखेडला भाजीचा टेम्पो चालवतो. "चष्मा कायमचा सुटेल" एवढंच ऐकून त्यानं ती बसवून घेतली. पेपर बिनचष्म्याचा वाचतो, खरंय. पण ऊसतोडीच्या हंगामात समोरून ट्रॅक्टर आला की म्हणायचा, "ताई, दिवे फुटल्यावाणी दिसायलेत." काही महिन्यांनी सवय होते, त्यालाही थोडी झाली, तरी पहाटेच्या फेऱ्या त्यानं सोडल्या. त्याचं काम आधी कुणी विचारलं असतं तर हे टळलं असतं, याची मला अजून हळहळ वाटते. साखरेमुळं मागच्या पडद्यावर परिणाम झालेला असेल, पडदा वयानं झिजला असेल किंवा काचबिंदू वाढलेला असेल, तर शक्यतो ही लेन्स टाळतात. म्हणून लेन्स ठरवण्याआधी पडद्याची तपासणी करून घ्या. मधला पर्याय ईडॉफ लेन्सचा आहे: लांबचं आणि हाताभरावरचं बरं दिसतं, पण बारीक अक्षराला चष्मा लागू शकतो.

बुबुळाला तिरपा नंबर असेल, ज्याला सिलिंडर म्हणतात, तर टोरिक लेन्सचा विचार करा. शिवणाऱ्याला ती लगेच कळेल. कापडाला उभा-आडवा धागा असतो, उरेब धरलं की अंगावर बसत नाही. तसा या लेन्सला अक्ष असतो. ती एक अंश फिरली तर सुमारे 3 टक्के फायदा जातो, 30 अंश फिरली तर सगळाच.

सगळ्यात जास्त जपायचं ते माप. महाग कापड चुकीच्या मापावर कापलं की गेलंच, लेन्सचंही तेच. डोळ्याची लांबी मोजताना 1 मिलिमीटरची चूक झाली तर नंबर अडीच-तीननं हुकतो. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर मापाआधी किती दिवस बंद ठेवायची ते विचारा. चष्मा घालवायचं लेसर पूर्वी झालं असेल तर आवर्जून सांगा, त्यानं हिशोबच बदलतो. दोन्ही डोळ्यांचं माप घ्यायला लावा. आकड्यांत बराच फरक दिसला तर "परत एकदा मोजता का?" म्हणायला लाजू नका. मीही गिऱ्हाइकाचा मुंढा दोनदा मोजते.

घडीची ॲक्रिलिक लेन्स 2 ते 3 मिलिमीटरच्या छेदातून जाते, पीएमएमए नावाच्या कडक प्लास्टिकच्या लेन्सला सुमारे 6 मिलिमीटर लागतात. शेजारच्या आजींना शिबिरात कडक लेन्स बसली म्हणून त्या खट्टू होत्या. 1949 साली लंडनला हॅरोल्ड रिडले यांनी जगातली पहिली लेन्स बसवली ती पीएमएमएचीच होती. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताचे, याच प्लास्टिकचे, तुकडे गेले तरी डोळा ते सोसतो, हे त्यांनी पाहिलं होतं. आजी आता स्वतः तांदूळ निवडतात. परवडत नसेल तर कर्ज काढून महाग लेन्स घेऊ नका. पुढं डोळ्यातली लेन्समागची पातळ पिशवी धुरकट झाली तर याग लेसरनं काही मिनिटांत साफ होते. त्याला मोतीबिंदू परत आला म्हणून घाबरू नका.

ऑपरेशननंतर लेन्सच्या डब्यावरचं स्टिकर मागून घ्या: नाव, पॉवर, अनुक्रमांक. माझं शिलाईच्या वहीत चिकटवलेलं आहे. गेल्या महिन्यात डाव्या डोळ्याचं ठरलं, तेव्हा डॉक्टरांनी पहिल्यांदा तेच पाहिलं.