सेव्हिंग्जमधून बिलं भरू नका

इथे अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला नव्यानं येणारी आपली मुलं पगार सेव्हिंग्जमध्ये घेतात आणि तिथूनच भाडं, वीजबिल, क्रेडिट कार्ड सगळं भागवतात. पुण्यात चालून जातं हो! इथे बँक त्याचे पैसे लावू शकते.

पूर्वी फेडरल रिझर्व्हच्या (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या) 'रेग्युलेशन डी' या नियमात अटच होती: सेव्हिंग्जमधून ऑनलाइन, फोनवरून किंवा आपोआप जाणारे व्यवहार महिन्याला फार तर सहा. एप्रिल २०२० मध्ये ती काढली, पण बँकांना स्वतःची मर्यादा ठेवायची मुभा आहे, आणि काहींनी ठेवलीही. म्हणून खातं उघडतानाच शुल्कपत्रक मागा. सातव्या व्यवहाराला किती डॉलर, हे स्पष्ट विचारा, लाजू नका. सारखी मर्यादा ओलांडली तर काही बँका खातं चेकिंगमध्ये, म्हणजे रोजच्या व्यवहारांच्या खात्यात, बदलून टाकतात. मग व्याज विसरा.

माझी पद्धत साधी. पगार चेकिंगमध्ये, सगळी ऑटोपे तिथूनच. कमी पडणार असेल तर भाड्याच्या आधी सेव्हिंग्जमधून एकदाच एकगठ्ठा रक्कम वळवते. ओव्हरड्राफ्टसाठी, म्हणजे चेकिंगमध्ये पैसे कमी पडले तर भरून काढायला, सेव्हिंग्ज जोडलं असेल तर जपा, ती आपोआप वळणारी रक्कमही सहांत मोजली जायची. एटीएममधून किंवा काउंटरवर जाऊन काढलेली रोकड मात्र जुन्या नियमात मोजत नसत. तुमची बँक काय मोजते, ते तिलाच विचारा.