सेटिंग्जचं टेबल आणि मी घातलेला घोळ

नोकरीला लागून तीनेक महिने झाले होते. एक किरकोळ वाटणारं काम माझ्या गळ्यात पडलं: प्रत्येक युजरला आपापल्या सेटिंग्ज ठेवता आल्या पाहिजेत. पानावर किती ओळी दिसाव्यात, थीम कोणती, ईमेल हवेत की नकोत, एवढंच. दोन दिवसांत उरकलं, निस्तरायला मात्र कितीतरी महिने गेले.

मी डेटाबेसमध्ये तीन कॉलमांचं टेबल केलं: युजर आयडी, सेटिंगचं नाव, व्हॅल्यू. नवी सेटिंग आली की नुसती एक ओळ टाकायची, म्हणून स्वतःवर खूश होते. पण व्हॅल्यूचा कॉलम टेक्स्टचा. ज्यांनी ईमेल बंद केले त्यांच्यापुढे 'फॉल्स' ही अक्षरं. जावास्क्रिप्टमध्ये रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग (म्हणजे अक्षरांचा मजकूर) 'ट्रू', म्हणजे 'हो'च धरली जाते, त्यामुळे नको म्हणणाऱ्यांनाही ईमेल जात राहिले. हे एका दुपारीत सुधारलं.

सुधारता न येणारी चूक वेगळीच होती. युजरनं खातं उघडलं की सगळे डीफॉल्ट, म्हणजे काही न निवडता मिळणाऱ्या मूळ सेटिंग्ज, मी त्याच्या नावावर टेबलात लिहून टाकत होते. पानावरच्या ओळींचा डीफॉल्ट 20. पुढे ठरलं की 50 करायचा. कोडमध्ये बदलला, तर नव्यांना 50 आणि जुने सगळे 20 वरच. सरळ अपडेट क्वेरी (सगळे 20 एकदम 50 करणारी डेटाबेसची आज्ञा) मारायला निघाले, तेवढ्यात शेजारच्या सीनियरनं विचारलं, "यातल्या किती जणांनी 20 स्वतःहून निवडलेत?" टेबलात सगळे 20 सारखेच दिसत होते. ओळ कधी बदलली याची वेळही मी ठेवली नव्हती.

तेव्हापासून मी युजरनं स्वतः बदललेलं तेवढंच साठवते. बाकीचे डीफॉल्ट एकाच ठिकाणी राहतात आणि वाचताना लेफ्ट जॉइन (युजरची ओळ नसली तरी डीफॉल्टची ओळ आणणारी जोडणी) व कोअलेस (पहिली रिकामी नसलेली व्हॅल्यू उचलणारं फंक्शन) लावून भरून घेते. 'मूळ सेटिंगवर या' हे बटण दाबलं की ती ओळ डिलीट करायची, तिथे डीफॉल्टचा आकडा पुन्हा लिहायचा नाही. नवखे इथे हमखास फसतात.

टेबलाच्या आकाराबद्दल माझं मत: भाषा, टाइमझोन, ईमेलची परवानगी अशा ज्या गोष्टींवर क्वेरी चालते, त्यांना साधे, टाइप असलेले कॉलम द्या. कॉलम वाढवायची भीती आता जुनी झाली. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या 11 व्या आवृत्तीपासून ठरावीक डीफॉल्टसह कॉलम जोडला तरी अख्खं टेबल पुन्हा लिहिलं जात नाही. स्क्रीनवरच्या फुटकळ आवडीनिवडी जेसनच्या (नाव-व्हॅल्यूच्या जोड्या एकत्र लिहायचा मजकुराचा साचा) एका कॉलममध्ये खुशाल टाका. फक्त अख्खा जेसन वाचून, बदलून परत लिहू नका. एका टॅबमध्ये थीम बदलली आणि दुसऱ्या, आधीपासून उघड्या टॅबमध्ये फॉन्ट, की दुसरा सेव्ह पहिल्याची थीम पुसतो. बदललेली सेटिंगच तेवढी डेटाबेसकडे पाठवा.

माझ्यासारखं नाव-व्हॅल्यू टेबल करायचंच असेल, तर युजर आयडी आणि नाव मिळून प्रायमरी की (तीच जोडी टेबलात दोनदा येऊ न देणारी ओळख) ठेवा. नाहीतर सेव्हवर दोनदा क्लिक झालं की एकाच सेटिंगच्या दोन ओळी उभ्या राहतात.

टाइमझोन साठवताना 'युरोप/लंडन' असं नाव साठवा, जागतिक प्रमाणवेळेपासूनचा (यूटीसी) तासांचा फरक नको. तिथे हिवाळ्यात तो शून्य असतो आणि उन्हाळ्यात एक.

त्या जुन्या युजरना शेवटी आम्ही एक पट्टी दाखवली: "पानावर 50 ओळी हव्यात का?" ज्यांनी हो म्हटलं, त्यांची ओळ डिलीट केली.