लायब्ररीची थकलेली पुस्तकं परत यावीत म्हणून

कॉलेजात पुस्तक परत न येण्याचं मुख्य कारण बहुतेकदा दंडच असतो, म्हणजे रोजचा रुपया-दोन रुपये साठत साठत पुस्तकाच्या किमतीएवढे झाले की पोरं काउंटरकडे फिरकतच नाहीत, मग थेट शेवटच्या वर्षी एलसी काढताना नो ड्यूजच्या सहीसाठी धावाधाव. तोपर्यंत ते पुस्तक हवं असणाऱ्या दोन-तीन बॅचेस निघून गेलेल्या असतात, ह्याचं जास्त वाईट वाटतं.

म्हणून वर्षातून एक आठवडा दंडमाफी ठेवाच. १२ ऑगस्ट हा भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांच्या स्मरणार्थ ग्रंथपाल दिन म्हणून साजरा होतोच, तोच आठवडा धरा. प्राचार्यांची लेखी परवानगी आधी घ्या, नाहीतर ऑडिटला प्रश्न येतो. गेटजवळ कुलूपबंद ड्रॉप बॉक्स ठेवा, कारण खूप मुलांना पैशापेक्षा सगळ्यांसमोर बोलणी खायची भीती असते.

आणि मेसेज प्रत्येकाला वेगळा पाठवा, वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर थकबाकीदारांची नावं अजिबात टाकू नका. "तुमच्याकडचं अकाउंटन्सीचं पुस्तक एफवायच्या एका मुलीला परीक्षेसाठी हवंय, शुक्रवारपर्यंत आणाल का?" एवढं पुरतं. अर्थात खरंच कुणी मागितलं असेल तरच असं लिहा.