‘अल-अहराम’च्या जुन्या अंकाची तारीख कशी काढावी

‘अल-अहराम’ या इजिप्तच्या अरबी वृत्तपत्राच्या जुन्या अंकाचा स्कॅन हाती आला की बातमीआधी तारीख पक्की करा. मराठवाड्यात उर्दू वाचणारं माणूस शोधावं लागत नाही, त्यामुळे अक्षरं फारशी अडत नाहीत. अडतात ते आकडे.

मजकूर उजवीकडून वाचायचा, आकडा मात्र डावीकडून. अरबी छपाईतला 5 गोल असतो, मराठी डोळ्याला तो हमखास शून्य वाटतो. खरं शून्य म्हणजे नुसता ठिपका, आणि फिकट छपाईत तोच आधी उडतो. उर्दूवाल्यांनाही 4 आणि 6 चकवतात: अरबी 4 उलट्या इंग्रजी 3सारखा, 6 इंग्रजी 7सारखा.

सनापुढे ‘हे’ अक्षर असेल तर हिजरी (चांद्र इस्लामी सन), ‘मीम’ असेल तर इसवी. आपल्याकडच्या निजामकाळातल्या कागदांवरच्या फसली (महसुली) सनात 590 मिळवून इसवी सन काढतात. तो हिशेब इथे लावू नका. हिजरी सनाला 0.97 ने गुणून 622 मिळवा. 1293 चे होतात 1254.2, बेरीज 1876.2. एखाद्या वर्षाचा फरक पडू शकतो, म्हणून हे फक्त अंदाजापुरतं. दिवस हिजरी-इसवी कोष्टकातून काढा आणि वाराशी ताळा घ्या, कारण चंद्रदर्शनामुळे तारीख एका दिवसाने सरकते.

महिन्यांत सगळ्यात फसवी जोडी ‘यून्यू’ (जून) आणि ‘यूल्यू’ (जुलै). फरक मधल्या एका अक्षराचा, नून की लाम. लामची उभी रेघ नीट दिसली नाही तर अंदाज करू नका, हिजरी महिना बघा.

मग इतिहासाशी पडताळा. सलीम आणि बिशारा तकला या लेबनॉनी भावांनी पहिला अंक काढला तो अलेक्झांड्रियात, शनिवारी, 5 ऑगस्ट 1876 रोजी. तेव्हा ते साप्ताहिक होतं. दैनिक झालं 1881 मध्ये. त्यामुळे 1878 चे लागोपाठच्या दिवसांचे अंक दिसले, तर सन चुकीचा वाचलाय. अंक क्रमांकावरून दिवस मोजायला गेलात तर याच पाच वर्षांमुळे हिशेब कोसळतो. 1899 मध्ये बिऱ्हाड कैरोला हललं, तेव्हा शिरोभागातलं गावही बघा.

1960 च्या राष्ट्रीयीकरणानंतरचे अंक वाचताना वेगळी सावधगिरी हवी. मोहम्मद हसनैन हेकल 1957 ते 1974 संपादक होते आणि इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष नासर यांच्या अगदी जवळचे. त्या काळातला अग्रलेख सरकारी धोरण समजायला उत्तम, लोकमत म्हणून मात्र उद्धृत करू नये.

नोंदवहीत छापील तारीख जशीच्या तशी लिहा, इसवी तारीख शेजारच्या रकान्यात.