घरातले अन्न वाया जाऊ नये म्हणून खरेदी कशी करावी

अन्न ताटात उरते म्हणून वाया जाते, असे आपण धरून चालतो. माझ्या घरचा अनुभव वेगळा आहे. आमच्याकडे फेकले गेलेले बहुतेक अन्न ताटापर्यंत पोहोचलेच नव्हते. गरज नसताना ते ट्रॉलीत पडले, तेव्हाच त्याची वाट ठरली होती. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात भारतीय घरांतून दरडोई वर्षाला सुमारे ५५ किलो अन्न फेकले जाते, असा अंदाज दिला आहे. यात साली आणि बियांसारखे न खाण्याजोगे भागही धरलेले आहेत. तरी चौघांच्या घराला हा हिशेब दिवसाला जवळपास ६०० ग्रॅमचा होतो.

म्हणून सुरुवात खरेदीच्या यादीने करू नये, फेकलेल्या वस्तूंच्या यादीने करावी. एक आठवडाभर ओट्याजवळ वही ठेवावी आणि कचऱ्यात जाणारी प्रत्येक वस्तू अंदाजे वजनासह तिच्यात लिहावी. मे महिन्यातल्या एका आठवड्याची आमची नोंद अशी होती: सांबाराची म्हणजे कोथिंबिरीची अर्धी जुडी, पाऊण पाकीट ब्रेड, आंबून गेलेली वाटीभर डाळ, चार पोळ्या, तीन मऊ पडलेल्या काकड्या आणि न उघडलेले दह्याचे एक पाकीट. या यादीतली डाळ आणि पोळ्या सोडल्या, तर बाकी सगळे जास्तीच्या खरेदीचे होते. अशी यादी डोळ्यांसमोर आली की कोणती वस्तू कमी आणायची, हे कोणी सांगावे लागत नाही.

त्यानंतर खरेदीची यादी करावी, पण ती फ्रीज आणि डबे उघडून, त्यांच्यासमोर उभे राहून. आठवडाभराचा बेत आखू नये. चार दिवसांचाच आखावा, कारण एखाद्या संध्याकाळी कोणाकडे जेवण असते, तर एखाद्या दिवशी घरातलेच कोणी बाहेर खाऊन येते. यादीत नुसते ‘टोमॅटो’ लिहून भागत नाही. ‘टोमॅटो अर्धा किलो’ असे लिहावे.

मोठ्या दुकानात जाताना पोट भरलेले असावे आणि सामान थोडे असेल तर ट्रॉलीऐवजी हातातली टोपली घ्यावी. ‘दोनवर एक मोफत’ ही पाटी दिसली की थांबून एकच प्रश्न विचारावा: मला किती हवे होते? एकच हवे असेल, तर आपण दुप्पट पैसे देत आहोत, आणि तिसरे पाकीट खराब होईपर्यंत फ्रीजमधली जागा अडवणार आहे. पाकिटावरची तारीखही नीट वाचावी. ‘एक्सपायरी’ किंवा ‘यूज बाय’ या तारखेनंतर पदार्थ खाऊ नये. ‘बेस्ट बिफोर’ मात्र चव आणि दर्जा कधीपर्यंत उत्तम राहील एवढेच सांगते, त्यामुळे नीट ठेवलेले बिस्किटांचे पाकीट ती तारीख उलटली म्हणून लगेच फेकण्याचे कारण नाही.

भाजी शक्यतो या दुकानांतून महिन्याच्या किराण्यासोबत आणूच नये. नागपुरात दारावर ठेला येतो, गोकुळपेठेच्या बाजारात पाव किलोही मोजून मिळते. आठवड्यातून दोनदा थोडी थोडी भाजी घेणे आपल्या हवेला मानवते. कॉटन मार्केटच्या घाऊक भाजीबाजारातून स्वस्तात जास्त माल आणायचा असेल, तर शेजारच्या घराशी आधी बोलून वाटून घ्यावा.

साठवणुकीकडे उन्हाळ्यात विशेष लक्ष द्यावे लागते, कारण पारा ४५ अंशांच्या आसपास असताना ओट्यावरची भाजी संध्याकाळपर्यंत माना टाकते. सांबाराचेच पाहा. जुडी आणल्या आणल्या तिचा दोरा सोडावा, पिवळी आणि ओलसर काळी पाने निवडून काढावीत, मुळे छाटावीत, आणि न धुता कोरड्या सुती कापडात सैल गुंडाळून झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत पाणी सुटते आणि जुडी आतून सडत जाते. वरून हिरवी दिसते म्हणून ते लवकर कळतही नाही. कांदे आणि बटाटे फ्रीजबाहेर, हवेशीर पण वेगवेगळ्या टोपल्यांत ठेवावेत. पिकती केळी पालेभाजीपासून दूर असावीत, कारण त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूमुळे पाने लवकर पिवळी पडतात.

शिजवलेले अन्न एरवी दोन तासांच्या आत आणि आपल्या उन्हाळ्यात तासाभरातच फ्रीजमध्ये जायला हवे. डाळ किंवा भात पसरट भांड्यात काढून, ते भांडे पाण्याच्या परातीत ठेवले की लवकर निवते. फ्रीजचे तापमान ५ अंशांपेक्षा कमी असावे आणि तो ठासून भरू नये, कारण मग थंड हवा आत फिरत नाही.

फ्रीजच्या वरच्या कप्प्यात एक ताट ‘आधी संपवायचे’ म्हणून राखून ठेवावे आणि रोजच्या स्वयंपाकाचा विचार त्या ताटापासून करावा. कालच्या पोळ्यांची फोडणीची पोळी होते, घट्ट डाळीत कणीक मळून पराठे होतात, फुलकोबीचे कोवळे देठ वरणात सहज शिजतात. वास किंवा चव बदललेले अन्न मात्र वाचवण्याच्या नादात कोणालाही वाढू नये.

एवढे करूनही साली आणि देठ उरतातच. ते सुक्या कचऱ्यात मिसळून भांडेवाडीच्या कचरा डेपोला पाठवण्याऐवजी खत करण्यासाठी छिद्रे पाडलेल्या डब्यात घालावेत, प्रत्येक थरावर त्याच्या दुपटीने वाळलेला पाला पसरावा आणि आठवड्यातून एकदा हलवावे. दमट वास आला तर पाला वाढवावा; उन्हाळ्यात डबा सावलीत ठेवून वर थोडे पाणी शिंपडावे. डब्यात टाकण्यापूर्वी त्यात खाण्याजोगे काही दिसले, तर ते पुन्हा वहीत लिहावे आणि पुढच्या यादीत त्या वस्तूचे वजन कमी करावे.