‘ही आमची भास न्हय’: वॉर्डातल्या पहिल्या पोस्टिंगपूर्वी

मेंदूच्या कोणत्या भागाकडे कोणते काम असते, याची तोंडओळख वॉर्डात पहिल्यांदा जाणाऱ्या तुम्हा वैद्यकीय विद्यार्थ्यांना आहे असे मी गृहीत धरते. हालचालीचा पट्टा फ्रंटल लोबच्या, म्हणजे मेंदूच्या पुढच्या खंडाच्या, मागच्या कडेला, स्पर्शाचा त्याला लागून पॅरायटल लोबमध्ये, दृष्टी अगदी मागे ऑक्सिपिटल लोबमध्ये. मोठ्या मेंदूचा उजवा भाग डावे अंग हलवतो, लहान मेंदू मात्र आपापल्याच बाजूचा तोल सांभाळतो. एवढे पक्के नसेल तर एक संध्याकाळ बसून हा नकाशा स्वतःच्या हाताने कागदावर काढावा. रंगीत तक्ते भिंतीला चिकटवून काही साधत नाही. माझ्या खोलीत तसे तीन होते, तरीही मी फसले.

मी उत्तर गोव्यातल्या डिचोलीची. घरी आणि शाळेत मराठी, बाजारात कोकणी, तीही आमच्या बाजूची. तिसऱ्या वर्षी मेडिसिनच्या वॉर्डात मला पहिली केस मिळाली ती दक्षिण गोव्यातल्या सासष्टीच्या एका सत्तरीतल्या आजोबांची. त्यांचे हातपाय व्यवस्थित चालत होते, चेहरा सरळ होता आणि ते अखंड बोलत होते. बोलण्याला कोकणीचा हेल होता, मध्येच पोर्तुगीजसारखा वाटणारा एखादा शब्द येई, आणि थांबले की ते उत्तराच्या अपेक्षेने माझ्याकडे पाहत. मला काहीही कळले नाही. सासष्टीची कोकणी आपल्याला झेपत नाही, या जुन्या न्यूनगंडापोटी मी मान डोलावत राहिले आणि केसपेपरवर लिहिले, ‘भाषेच्या अडचणीमुळे आजाराचा इतिहास मिळाला नाही.’ संध्याकाळी त्यांची मुलगी पेजेचा डबा घेऊन आली. तिने क्षणभर ऐकले आणि ती म्हणाली, ‘डॉक्टर, ही आमची भास न्हय.’

ती कोणाचीच भाषा नव्हती. तो वर्निकेचा अफेजिया होता, म्हणजे मेंदूला इजा झाल्याने भाषा बिघडण्याचा एक प्रकार.

हा सापळा नीट समजून घ्या, कारण तो पाठांतरातूनच तयार होतो. फ्रेंच डॉक्टर पॉल ब्रोका यांनी 1861 मध्ये वर्णन केलेला, ‘तान’ एवढेच बोलू शकणारा रुग्ण सगळ्यांच्या लक्षात राहतो. त्यामुळे भाषा बिघडली म्हणजे माणूस अडखळणार किंवा गप्प होणार, अशी आपली समजूत होते. जर्मन डॉक्टर कार्ल वर्निके यांनी 1874 मध्ये दाखवलेला प्रकार नेमका उलटा आहे. डाव्या टेम्पोरल लोबचा (कानाजवळच्या खंडाचा) वरचा मागचा भाग, म्हणजे वर्निकेचा भाग, बिघडला की बोलणे ओघवतेच राहते, पण त्यातला अर्थ निघून जातो. दुसऱ्याचे बोलणे कळत नाही, आणि आपले चुकते आहे हेही बहुधा रुग्णाला उमगत नाही. डाव्या फ्रंटल लोबमधला ब्रोकाचा भाग चेहरा व हात हलवणाऱ्या पट्ट्याच्या शेजारी असून दोघांना मिडल सेरेब्रल या मेंदूतल्या मोठ्या धमनीच्या वरच्या शाखेचे रक्त मिळते, म्हणून तेथे बहुधा उजवा हातही लुळा पडतो आणि पक्षाघात डोळ्यांना दिसतो. वर्निकेचा भाग त्याच धमनीच्या खालच्या शाखेवर असल्याने हातपाय शाबूत राहू शकतात, आणि घरचे लोक ‘बाबा भ्रमिष्ट झाले’ म्हणत घरीच थांबतात. पक्षाघातात धमनीत अडकलेली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देतात, हे लक्षात घेतले तर या गैरसमजाची किंमत कळेल.

म्हणून गोव्यात तरी पहिला प्रश्न रुग्णाला नव्हे, नातेवाइकांना विचारावा: घरी हे कोणत्या भाषेत बोलतात, आणि आज जे बोलत आहेत ते तुम्हाला समजते का? मग त्याच भाषेत आकलन तपासावे. ‘डोळे मिटा’ एवढ्यावर समाधान मानू नये. डोळे मिटणे, उभे राहणे अशा, शरीराच्या दोन्ही बाजूंनी एकत्र करायच्या सूचना हे रुग्ण पुष्कळदा पाळतात, आणि आपण नकळत स्वतःचे डोळे मिटून दाखवले तर ते केवळ नक्कल करतात. आपले हात पाठीमागे ठेवा आणि हो-नाहीचे प्रश्न विचारा. दुसऱ्या दिवशी मी पेन दाखवून ‘ही चावी आहे का?’ असे मुलीकरवी विचारले. आजोबांनी हसून होकार दिला. पेन आहे का, घड्याळ आहे का, सगळ्यालाच होकार. नंतर वस्तूंची नावे, ऐकलेले पुन्हा म्हणणे, वाचन आणि लेखन, सर्व तपासावे.

‘एक भाग, एक काम’ अशी सूत्रे विकणाऱ्या क्लासांवर माझा विश्वास नाही. ब्रोकांच्या त्या रुग्णाचा जतन केलेला मेंदू 2007 मध्ये एमआरआयने पाहिला गेला, तेव्हा इजा ब्रोकाच्या भागापलीकडे बरीच खोलवर गेलेली दिसली. नकाशा खोटा नाही, पण त्यातल्या सीमा शेताच्या बांधासारख्या स्पष्ट नसतात. तासभर व्याख्यान देणाऱ्या वरिष्ठांपेक्षा पंधरा मिनिटे खाटेशेजारी आपल्याबरोबर उभे राहणारे वरिष्ठ शोधा. मला तशा एक मॅडम भेटल्या. त्यांनी माझी ती ओळ खोडली आणि न रागावता विचारले, ‘अडचण कोणाच्या भाषेची?’ तुमच्याही काही ओळी खोडल्या जातील. त्याने कोणी नापास होत नाही. न समजलेल्या बोलण्याला मान डोलावणे मात्र अक्षम्य आहे, आणि ते मी केले होते.

चौथ्या दिवशी डबा उघडताच आजोबांनी ‘पेज’ हा शब्द स्वच्छ उच्चारला. त्यापुढचे वाक्य पुन्हा वाहून गेले, पण मुलीने तो एक शब्द मला तीनदा सांगितला आणि मी तो तारखेसह केसपेपरवर लिहिला.