आखेनला शिकायला आलात? आधी प्राध्यापकांचं दार ठोठवा

दर ऑक्टोबरला जर्मनीतल्या आखेनच्या स्टेशनवर पुण्या-नाशिकची, नागपूरची मुलं उतरतात. दोन जड बॅगा, एकीत कुकर, दुसरीत आईने दिलेली भाजणी नि गोडा मसाला. दोघातिघांना तरी घ्यायला मी जातोच. आणि तिसऱ्या दिवशी प्रत्येकाचा तोच प्रश्न येतो: "दादा, जॉब कुठे मिळेल?"

घर मिळालं की दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करा. रेडिओ-टीव्हीची महिना १८.३६ युरो वर्गणी घरटी एकदाच भरायची असते, ती चुकवू नका. बाकीचं कुणीही सांगेल. मला बोलायचंय ते जॉबबद्दल.

शिक्षणाचं कर्ज मलाही होतं. बाबा हप्ते भरत होते, ते बघवत नव्हतं. म्हणून पहिल्याच सेमिस्टरला मी पार्सलच्या गोदामात रात्रपाळी धरली, दहा ते सहा, आठवड्यातून दोनदा. साडेआठच्या लेक्चरला मागच्या बाकावर मला झोप लागायची. इथे लेक्चर संपलं की मुलं टाळ्या वाजवत नाहीत, मूठ मिटून बाकावर टकटक करतात. त्या आवाजाने मी जागा व्हायचो. एकदा डोळे उघडले तेव्हा फळ्यावर दोन ओळी होत्या: इन्स्टिट्यूटला दोन हीवी हवेत, इच्छुकांनी भेटावं. मी सामान आवरेपर्यंत पुढच्या बाकावरची मुलगी बोलूनही आली होती.

हीवी म्हणजे प्राध्यापकांच्या हाताखालचा विद्यार्थी मदतनीस. प्रयोगाची जुळवाजुळव, मोजमापं, कोड लिहिणं, असलं काम. परदेशी विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस नोकरी करता येते, पण विद्यापीठातलं हे काम त्या हिशेबात धरत नाहीत. पैशापेक्षा मोठी गोष्ट पुढे आहे. थिसिसचा विषय तिथून निघतो, शिफारसपत्र तिथून मिळतं, कुठल्या कंपनीत इंटर्न हवाय ते तिथे कानावर पडतं.

माझे दोन पेपर राहिले आणि मास्टर्स चारऐवजी सहा सेमिस्टरचं झालं. गोदामात जे कमावलं ते सगळं त्या वाढीव वर्षाच्या भाड्या-जेवणात गेलं, वर घरून मागवावं लागलं ते वेगळंच. आज व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटला, म्हणजे आधीच पैसे भरून ठेवायच्या खात्यात, दाखवावे लागतात. एक वर्ष वाढणं म्हणजे काय ते त्यावरून बघा. पेपरला सहसा तीनच संधी असतात. तिसऱ्यांदा गेला तर ती पदवी तिथेच संपते, आणि दुसऱ्या विद्यापीठातही तोच अभ्यासक्रम घेता येत नाही. परीक्षेची नोंदणी आपली आपणच करायची असते. तारीख आजच कॅलेंडरवर लिहा.

आता दाराबद्दल. प्राध्यापकांच्या भेटीची वेळ ठरलेली असते, तिला श्प्रेखश्टुंडं म्हणतात. मी तिसऱ्या सेमिस्टरला पहिल्यांदा गेलो. कागदावर चार प्रश्न लिहिले होते, हाताच्या घामाने शाई फुटली होती. सरांनी तो कागद घेतला, दुसऱ्या प्रश्नाखाली आकृती काढली आणि वीस मिनिटं समजावलं. जर्मन माणूस रुक्ष असतो असं आपल्यात म्हणतात. मला तसं वाटत नाही. तो आपणहून चौकशी करणार नाही, पण नीट विचारलंत तर नीट उत्तर देईल.

आपल्या लोकांबद्दलही स्पष्ट सांगतो. आजारी पडलो तेव्हा मुगाची खिचडी आणून देणारी हीच माणसं होती. पण एका फ्लॅटमध्ये पाच मराठी मुलं दोन वर्षं राहिली की जर्मन ए-वनच्या, म्हणजे अगदी पहिल्या पातळीच्या, पुढे जात नाही. कोर्स इंग्रजीत असला तरी नोकरीच्या मुलाखतीत बऱ्याच ठिकाणी बी-टू, म्हणजे चौथ्या पातळीचं जर्मन, विचारतात. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. भाषा तेव्हा शिकायला घेऊन चालत नाही. विद्यापीठाच्या भाषावर्गांची लेव्हल टेस्ट सेमिस्टरच्या तोंडावर असते आणि जागा भराभर जातात. एक्युरी एक्ससारख्या संघात विद्यार्थीच शर्यतीची गाडी बांधतात. तिथे हातात पाना धरून जे जर्मन येतं ते वर्गात येत नाही.

या आठवड्यात एका इन्स्टिट्यूटला हीवीसाठी मेल लिहा. इंग्रजीत चालेल, दहा ओळी पुरेत, त्यांचं कुठलं काम वाचलंत ते लिहा. पाठवण्याआधी रविवारी माझ्याकडे घेऊन या, एकत्र बसून बघू.